चर्चिलचा उजवा हात

कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत कधी उतरला असाल, तर हा प्रॉब्लेम तुम्हाला नक्की माहीत असेल. भाषण पाठ असतं, मुद्दे तयार असतात, शेवटी टाळ्या कुठे पडणार हेही ठरलेलं असतं. पण हातांचं काय करायचं? खिशात घातले तर उद्धट वाटतं, मागे बांधले तर एनसीसीच्या परेडला उभं असल्यासारखं वाटतं आणि मोकळे सोडले तर ते वाट्टेल तिकडे जातात. फर्स्ट इयरला असताना मी क्रांती या शब्दावर इतक्या जोरात हात फिरवला होता की पोडियमवरचा माइक खाली आला. परीक्षकांच्या कागदावर माझ्या नावापुढे एकच शब्द होता, हातवारे. आणि त्यापुढे उद्गारचिन्ह.

त्यामुळे पुढाऱ्यांच्या हातवाऱ्यांवर लिहायचं ठरलं तेव्हा मला असा माणूस हवा होता, ज्याला हे आपोआप जमत नव्हतं. जन्मजात वक्त्यांचं काय, त्यांच्याकडून शिकण्यासारखं फार नसतं. शोधता शोधता विन्स्टन चर्चिलपाशी येऊन थांबले. दोन बोटांची ती व्हीची खूण म्हटली की डोळ्यांसमोर येतो तोच. तुम्ही म्हणाल, या पानावर हा साहेब कशाला? त्याचं उत्तर कुलाब्यात आहे. या माणसाच्या हातांची गोष्ट सुरू होते आपल्या ससून डॉकवर.

ऑक्टोबर १८९६. सैनिकांनी भरलेलं एक जहाज मुंबईच्या बंदरात नांगर टाकून उभं आहे. ऊन उतरल्यावर, रात्रीच्या सुमाराला सगळ्यांना उतरवायचं असं ठरलंय. पण चौथ्या हुसार्स या घोडदळातल्या काही तरुण अधिकाऱ्यांना दम निघत नाही. ते एक छोटी होडी करतात आणि ससून डॉकच्या दगडी भिंतीपाशी येतात. ओल्या, निसरड्या पायऱ्या. धरायला लोखंडी कड्या. लाटांवर होडी चार-पाच फूट वर-खाली होतेय. एकवीस वर्षांचा विन्स्टन हात पुढे करून कडी पकडतो, पण पाय पायरीवर टेकण्याआधीच होडी मागे सरकते. उजव्या खांद्याला जोरदार हिसका बसतो. तो कसाबसा वर चढतो, दोन-चार शिव्या हासडतो, खांदा चोळतो आणि विसरून जातो.

खांदा मात्र विसरला नाही. तो त्या दिवशी पूर्ण निखळला नसला तरी कायमचा कमजोर झाला. पुढची अनेक वर्षं तो कधीही, कशानेही निखळायचा. उशीखाली हात घालून झोपलं तर, कपाटातून पुस्तक काढताना, पोहताना, जिन्यात पाय घसरला तर. १९३० मध्ये आलेल्या आत्मचरित्रात चर्चिलने हे सगळं लिहून ठेवलंय. त्यातली एक गोष्ट वाचून मी अक्षरशः हसले. एकदा ब्रिटिश संसदेत बोलता बोलता त्याने हात जरा जास्तच फैलावला आणि खांदा निखळता निखळता राहिला. निखळला असता तर वेदनेने त्याला तिथल्या तिथे जमिनीवर अंग टाकावं लागलं असतं, आणि भर भाषणात वक्ता अचानक आडवा का झाला हे समोरच्या खासदारांना कळलंच नसतं!

म्हणजे बघा, विसाव्या शतकातल्या सगळ्यात गाजलेल्या वक्त्यांपैकी एकाला मोठा हातवारा करायचीच चोरी होती. मुंबईने दिलेली ही भेट.

आता थोडं मागे जाऊ. चर्चिलचा जन्म ३० नोव्हेंबर १८७४ चा, ब्लेनिम पॅलेस नावाच्या अवाढव्य वाड्यातला. आई जेनी जेरोम अमेरिकन. वडील लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल ब्रिटिश राजकारणातले झंझावाती वक्ते. काही काळ भारतमंत्री होते, मग अर्थमंत्री झाले आणि तडकाफडकी राजीनामा देऊन बसले. त्यानंतर त्यांची तब्येत ढासळत गेली. ज्यांना ऐकायला सभागृह भरायचं, त्यांची वाक्यं संसदेत सगळ्यांसमोर अडखळायला लागली. २४ जानेवारी १८९५ ला ते गेले. वय ४५. मुलगा तेव्हा वीस वर्षांचा होता आणि वडिलांशी धड बोलणंही कधी झालेलं नव्हतं. वडिलांचं अर्धवट राहिलेलं भाषण आपण पुरं करायचं, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं असावं. हा माझा अंदाज.

पण साधनं काय होती त्याच्याकडे? उंची बेताची. आवाज फार मोठा नाही. त्यात स नीट म्हणता यायचा नाही. स ने भरलेली वाक्यं तो चालता चालता घोकत असे. १८९७ मध्ये लंडनमधले नामांकित घशाचे डॉक्टर फेलिक्स सेमॉन यांनाही त्याने दाखवलं. त्यांना घशात काही दोष सापडला नाही; सराव कर, एवढंच त्यांनी सांगितलं. आणि आता वर खांदा.

मुंबईहून तो पुण्याला आला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्याकडे त्याला जेवणाचं आमंत्रण होतं. गव्हर्नरांचा पुण्यातला मुक्काम गणेशखिंडीच्या ज्या बंगल्यात असे, ती आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. (पुण्यातल्या वाचकांनो, कॉन्व्होकेशनला जाल तेव्हा आठवा.) जेवण झाल्यावर गव्हर्नरांनी सौजन्य म्हणून त्याचं मत विचारलं, तर या एकवीस वर्षांच्या पोराने साम्राज्य कसं चालवावं यावर गव्हर्नरांना भरभरून सुनावलं. पुढे स्वतःच्या त्या आगाऊपणावर तो स्वतःच हसलाय. जाता जाता सांगते, यानंतर आठच महिन्यांनी, २२ जून १८९७ च्या रात्री, याच बंगल्यातल्या समारंभातून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. साम्राज्याबद्दलची पुण्याची मतं तेवढी पाहुण्याच्या कानावर आली नव्हती.

मग बंगळूर. सकाळी परेड, संध्याकाळी पोलो आणि मधल्या भर दुपारी, बाकीचे झोपलेले असताना, वाचन. आईकडून पुस्तकांच्या पेट्या मागवून त्याने गिबन आणि मेकॉलेचे खंडच्या खंड वाचले. कॉलेज केलं नाही याची बोच होती त्याला. १८९७ मध्ये, जवळपास माझ्याच वयाचा असताना, त्याने भाषणकलेवर एक निबंध लिहिला. तो तेव्हा छापला नाही. त्यात लय, शब्दांची निवड, उपमा यांच्याबद्दल आहेच. पण मला आवडला तो वेगळा मुद्दा. वक्त्याच्या बोलण्यात थोडासा दोष असेल, तर लोक उलट जास्त लक्ष देऊन ऐकतात, असं त्याने लिहिलंय. स्वतःच्या स चं त्याने असं सोनं करायला घेतलं होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये रजेवर इंग्लंडला गेलेला असताना बाथ शहराजवळ त्याने पहिलं राजकीय भाषण केलं.

खांद्याचं रडगाणं चालूच होतं. १८९८ मध्ये सुदानमध्ये ऑमडुरमनच्या लढाईत घोडदळाने धाव घेतली, तेव्हा बाकीच्यांच्या हातात तलवारी आणि भाले होते, याच्या हातात माउझर पिस्तूल. कारण तलवार चालवताना खांदा निखळण्याची भीती. पुढच्या वर्षी जोधपूरला जिन्यावरून पडून तो खरंच निखळला. तरी दंड शरीराला पट्ट्याने बांधून हा पठ्ठ्या मेरठला रेजिमेंटची पोलो स्पर्धा खेळला, जिंकलाही. कोपर अंगाला चिकटलेलं, हात पुढे फक्त थोडासा. पुढच्या आयुष्यातले त्याचे भाषणाचे फोटो मी पाहत होते तेव्हा ही पोझ सारखी आठवत होती.

१९०० मध्ये तो खासदार झाला. फेब्रुवारी १९०१ मध्ये पहिलं भाषण. त्या काळात तो अख्खं भाषण पाठ करायचा. शब्द न् शब्द. आपल्या आंतरकॉलेज स्पर्धांमध्ये करतात तसं. आणि मग जे पाठांतरवाल्यांचं कधी ना कधी होतंच, ते झालं.

२२ एप्रिल १९०४. कामगार संघटनांच्या विषयावर तो पाऊण तास बोलत होता. शेवट जवळ आला आणि एका वाक्याच्या मध्येच शब्द संपले. पुढचं वाक्य आठवेना. त्याने कागद शोधले, खिसे चाचपले. सभागृह वाट पाहत होतं. तो आठवायचा प्रयत्न करत राहिला, शेवटी सभागृहाचे आभार मानून खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वय २९. तिथे बसलेल्या काहींना त्याचे वडील आठवले. लॉर्ड रँडॉल्फचंही असंच सुरू झालं होतं.

स्टेजवर कधी ब्लँक झाला असाल, तर तो क्षण किती लांब असतो हे तुम्हाला सांगायला नको. आपल्याला निदान समोर परीक्षक असतात. याच्या समोर वडिलांचे जुने शत्रू होते.

त्या दिवसानंतर चर्चिल हातात कागद असल्याशिवाय महत्त्वाच्या भाषणाला उभा राहिला नाही. आणि ते कागद बघण्यासारखे आहेत. वाक्यं तोडून तोडून, कवितेच्या ओळींसारखी टाइप केलेली. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा ते ओळींच्या मांडणीवरून कळायचं. खोलीत येरझारा घालत तो सेक्रेटरीला भाषण सांगायचा, पुटपुटायचा, एकच शब्द चार प्रकारे म्हणून बघायचा. उत्स्फूर्त वाटणारी वाक्यं आणि ते नेमके अडखळणं, हे सगळं आधी बसवलेलं असायचं.

मग हात कुठे असायचे? एक बऱ्याचदा कागदांशी. दुसरा कोटाच्या कॉलरवर, नाहीतर कमरेवर, नाहीतर पुढच्या टेबलावरच्या त्या पेटीवर, जिच्यापाशी मंत्री बोलायला उभे राहतात. हेरल्ड निकोल्सन नावाचे खासदार होते, त्यांना निरीक्षणाची भारी सवय. त्यांनी लिहून ठेवलंय की चर्चिलचा खास हातवारा फारच विचित्र होता. किल्ली खिशात आहे ना हे बघायला माणूस दोन्ही खिसे चाचपतो तसे चर्चिल खिसे थोपटायचे, आणि मग दोन्ही तळवे पोटावरून खाली-वर फिरवायचे. ऐन महायुद्धात, देशाच्या जगण्या-मरण्याबद्दल बोलताना! कोपरं मात्र अंगालाच. यात खांद्याचा वाटा किती आणि सवयीचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. पण मोठा हातवारा त्याने एकदा करून बघितला होता आणि त्याची किंमत त्याला माहीत होती.

हे त्या जागेलाही शोभणारं होतं. ब्रिटिश संसदेचं सभागृह लहान आहे, दोन्ही बाजूंचे बाक समोरासमोर. तिथे हात फेकून बोललं तर माणूस हास्यास्पद दिसतो. त्याच काळात तिकडे जर्मनीत हिटलर प्रचंड मैदानांसाठी हातवारे बसवत होता. हाइनरिक हॉफमनकडून त्याने भाषणातल्या पोझचे फोटो काढून घेतले होते, कुठली चांगली दिसते ते बघायला. मे १९४१ मध्ये जर्मन बॉम्बनी संसदेचं सभागृह उद्ध्वस्त केलं, तेव्हा ते पुन्हा तेवढंच लहान बांधायचं असा आग्रह चर्चिलनेच धरला. सगळे खासदार मावणार नाहीत इतकं लहान. म्हणजे बोलणं गप्पांसारखं राहतं.

मे १९४० मध्ये चर्चिल पंतप्रधान झाले. (इथून पुढे आपण अहो-जाहो करू, पंतप्रधान झालेत.) आता एक साधी गोष्ट लक्षात घ्या. १९४० च्या उन्हाळ्यातली त्यांची जी भाषणं आज यूट्यूबवर ऐकायला मिळतात, ती संसदेत झाली तेव्हा तिथे ना कॅमेरा होता, ना मायक्रोफोन. आपण ऐकतो ती बरीचशी रेकॉर्डिंग त्यांनी युद्धानंतर घरी बसून केलेली आहेत. त्या वेळी लोकांपर्यंत पोचला तो छापील मजकूर आणि रेडिओवरचा आवाज. हात कुणालाच दिसले नाहीत. फॅक्टरीतल्या बाईला, बंदरावरच्या हमालाला, बॉम्बहल्ल्यात घर गेलेल्याला पंतप्रधान दिसायचे ते रस्त्यावर, सिनेमाआधीच्या न्यूजरीलमध्ये आणि पेपरातल्या फोटोत. तिथे भाषणाला वेळ नसतो. दोन सेकंद असतात.

त्या दोन सेकंदांसाठी व्ही आला. कल्पना त्यांची नव्हती, हे अनेकांना माहीत नसतं. व्हिक्टर द लाव्हले हे बेल्जियमचे माजी मंत्री लंडनहून बीबीसीवर आपल्या देशबांधवांसाठी बोलायचे. जानेवारी १९४१ मध्ये त्यांनी सुचवलं की जर्मनांच्या ताब्यातल्या लोकांनी भिंतींवर व्ही काढावा. फ्रेंचमध्ये विजय या शब्दाचं आणि डचमध्ये स्वातंत्र्य या शब्दाचं पहिलं अक्षर तेच. बेल्जियममध्ये या दोन्ही भाषा बोलतात आणि त्यांचं आपापसांत फार पटत नाही, त्यामुळे हे अक्षर दोघांनाही चालण्यासारखं होतं. खडूने काढायला एक सेकंद पुरतो. मोर्स कोडमध्ये व्ही म्हणजे तीन छोटे ठोके आणि एक लांब. बेथोवनच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात तशीच वाजते, म्हणून बीबीसीने ती धून धरली. जुलै १९४१ मध्ये चर्चिलनी या मोहिमेला जाहीर पाठिंबा दिला आणि बोटं वर केली. जर्मनांना हे इतकं झोंबलं की त्यांनी व्ही आपलाच आहे म्हणून आयफेल टॉवरवर भलामोठा व्ही लावला. आजच्या भाषेत, ट्रेंड हायजॅक करायचा प्रयत्न.

आता यातली मजा. इंग्लंडमध्ये हाताची मागची बाजू समोरच्याकडे करून दोन बोटं दाखवली तर ती सणसणीत शिवी आहे. आणि पंतप्रधान नेमकं तसंच करायचे! त्यांचे खासगी सचिव जॉन कोलव्हिल यांनी डायरीत नोंद केलीय की याचा दुसरा अर्थ सांगूनही साहेब ऐकत नाहीत. उमरावाच्या वाड्यात वाढलेल्या माणसाला रस्त्यावरची शिवी माहीत नसेल, हे शक्य आहे. पण मुलाखत घ्यायला मिळाली असती तर मी हा प्रश्न पहिला विचारला असता. कारण बॉम्ब टाकणाऱ्यांना उद्देशून ती शिवी असेल, तर रस्त्यावरच्या माणसाला ती फारच आवडली असणार. पुढे मात्र तळवा समोर यायला लागला. आणि खुणेसाठी खांदा फारसा हलवायलाही लागत नाही.

इथे थांबता आलं असतं. लेख छान झाला असता. पण तुम्ही आणि मी जिथून हे वाचतोय तिथून पुढचं न सांगता येत नाही.

गांधीजींना चर्चिल आयुष्यात एकदाच भेटले, १९०६ मध्ये लंडनमध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांच्या प्रश्नावर. त्यानंतर १९३० च्या दशकात भारताला थोडीशी स्वायत्तता देण्यालाही त्यांनी कडाडून विरोध केला. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवर छोडो भारतचा ठराव झाला आणि गांधीजींना पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. तिथेच महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा गेल्या. लंडनमध्ये तेव्हा पंतप्रधान चर्चिल होते. तरुणपणी ज्या पुण्यात पाहुणचार घेतला, त्याच पुण्यात.

आणि १९४३ चा बंगाल. ब्रह्मदेश जपानने घेतल्यामुळे तिथला तांदूळ बंद झाला होता, वादळाने पीक गेलं होतं, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारनेच होड्या आणि तांदूळ काढून घेतला होता, भाव आभाळाला भिडले होते. व्हाइसरॉय धान्य मागत होते. भारतमंत्री लिओ अमेरी मागत होते. लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळाने जहाजं नाहीत असं सांगत मागितलं तेवढं धान्य कधीच दिलं नाही. सरकारी चौकशी आयोगाने १५ लाख मृत्यूंचा आकडा दिला. नंतरच्या बऱ्याच अभ्यासकांचा अंदाज ३० लाखांच्या आसपास जातो. चर्चिल यांचा वैयक्तिक दोष किती यावर इतिहासकार अजून भांडतात. पण अमेरींची डायरी वाचली की भारतीयांबद्दल ते बैठकीत कशा भाषेत बोलत होते ते कळतं. मी ती वाक्यं इथे देत नाहीये. त्याच वर्षीचे त्यांचे फोटो मी एकापाठोपाठ एक बघितले. जवळपास प्रत्येकात दोन बोटं वर आहेत.

युद्ध जिंकलं आणि जुलै १९४५ मध्ये ते निवडणूक हरले. प्रचारात गर्दी होती, व्ही होता, मतं नव्हती. १९५१ ला परत पंतप्रधान. १९५३ साली साहित्याचं नोबेल मिळालं, त्यात त्यांच्या भाषणांचाही उल्लेख होता. पण त्याच वर्षी जूनमध्ये, डाउनिंग स्ट्रीटवरच्या एका जेवणानंतर त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. देशाला काही कळू दिलं नाही. मोठ्या पेपरांच्या मालकांनीच बातमी दाबली. (मास कॉमच्या मित्रांनो, एथिक्सच्या पेपरला हे उदाहरण लिहा.) ऑक्टोबरमध्ये मार्गेटला पक्षाचं अधिवेशन होतं. तिथे उभं राहून बोलता आलं नसतं तर खुर्ची गेली असती. ७८ वर्षांचे चर्चिल महिनोन्महिने त्या एका भाषणाची तयारी करत होते, आणि जवळपास पन्नास मिनिटं उभे राहिले. बघणाऱ्यांना काही जाणवलं नाही.

पुढच्या वर्षी संसदेने त्यांच्या ८० व्या वाढदिवसाला ग्रॅहम सदरलंड या चित्रकाराकडून त्यांचं पोर्ट्रेट करून घेतलं. त्यात व्ही नाही, कॉलर पकडलेली नाही. म्हातारा माणूस खुर्चीत बसलाय आणि त्याने दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरलेत. चर्चिलना ते चित्र अजिबात आवडलं नाही. पत्नी क्लेमेंटाइन यांनी ते नंतर नष्ट करून टाकलं. आज आपण बघतो ते फक्त त्याचे फोटो.

२४ जानेवारी १९६५ ला ते गेले. वडिलांचीच तारीख, बरोबर ७० वर्षांनी. अंत्ययात्रेत थेम्स नदीवरून शवपेटी जात असताना धक्क्यावरच्या क्रेननी आपापले लांब हात खाली झुकवले.

हा लेख लिहिण्याआधी मी पहाटे ससून डॉकला जाऊन आले. लिलाव रंगात आला होता, पायाखाली बर्फाचं पाणी, सगळीकडे कोळंबी आणि बोंबिलांच्या पाट्या. चर्चिल इथे उतरल्याची पाटीबिटी मला कुठे दिसली नाही. दगडी भिंतीच्या कडेने मी एखादी जुनी लोखंडी कडी शोधत वाकून बघत होते. मागून डोक्यावर पाटी घेतलेल्या एक मावशी आल्या. काही बोलल्या नाहीत. पाटी एका हाताने सावरली आणि दुसऱ्या हाताने मला बाजूला केलं.